आईवडिलांचा कोटा

आमच्या लातूर-नांदेडकडे मूल परदेशी गेलं की वर्षभर पेढे वाटतात आणि पुढची वीस वर्षं त्याच्यावर कीर्तन करतात. आईबापाला टाकून गेला, डॉलरच्या मागे लागला, म्हातारपणी पाणी पाजायला कुणी नाही. व्हॉट्सअॅपवर दर आठवड्याला तीच गोष्ट नवं नाव घेऊन येते: आई बंगल्यात एकटी वारते, मुलगा अमेरिकेतून फोनच्या पडद्यावर अग्नी बघतो आणि वडील शेजाऱ्याला म्हणतात, शिकवलं हीच चूक झाली. गॅदरिंगला आलेले पाहुणे हेच सांगतात, दहाव्याच्या प्रवचनात महाराज हेच सांगतात. गंमत म्हणजे ज्या क्लासच्या होर्डिंगवर त्याच पोराचा फोटो लावलेला असतो, त्याच क्लासचे मालक मातृपितृपूजनाच्या कार्यक्रमाचे प्रायोजक असतात.

या गोष्टीत व्हिसा नावाचं पात्र कधीच येत नाही. आईवडिलांना जवळ न्यायचं की नाही, हे जणू फक्त मुलाच्या नियतीवर आणि सुनेच्या स्वभावावर ठरतं. टाकणारी मुलं असतात, नाही असं नाही. ती पुण्यात असतात, लातूरच्या अंबाजोगाई रोडवरही असतात. पण ज्यांना न्यायचं आहे त्यांची वाट एका आकड्यापाशी अडते. तो आकडा कॅनबेरात किंवा ओटावात दरवर्षी ठरतो आणि आपल्याकडच्या एकाही प्रवचनात त्याचा उल्लेख नसतो.

ऑस्ट्रेलियापासून सुरुवात करतो, कारण तिथला हिशोब उघड मांडलेला आहे. २०२३-२४ या वर्षात तिथल्या सरकारनं सगळ्या जगातल्या आईवडिलांसाठी मिळून ८,५०० जागा ठेवल्या. त्यातल्या ६,८०० जागा मोठी रक्कम भरणाऱ्यांसाठी, उरलेल्या १,७०० न भरणाऱ्यांसाठी. रांगेत तेव्हा १ लाख २० हजारांहून जास्त अर्जदार होते. हा भागाकार करायला इंजिनिअर असावं लागत नाही. चौदा वर्षं येतात, तीही उद्यापासून एकही नवा अर्ज आला नाही असं धरून. पैसे न भरणाऱ्यांची रांग वेगळी आणि फार हळू चालते. तिला तीस वर्षांच्या आसपास लागतील, असं खुद्द तिथल्या गृहखात्याचंच म्हणणं आहे. म्हणजे माणसानं पासष्टाव्या वर्षी अर्ज भरावा आणि पंचाण्णवाव्या वर्षी विमानात बसावं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखाद्या यंत्रणेत दर मिनिटाला येणाऱ्या विनंत्या निघणाऱ्या विनंत्यांपेक्षा जास्त झाल्या, तर ती रांग कधीच संपत नाही, वाढतच जाते. अशा वेळी आम्ही एक तर क्षमता वाढवतो, नाही तर दार बंद करून ‘सेवा उपलब्ध नाही’ असं स्पष्ट लिहितो. रांगेत घेत राहायचं, शुल्क कापत राहायचं आणि उत्तर मात्र द्यायचं नाही, असं कुणी केलं तर त्याला संध्याकाळच्या आत बोलावणं येईल. ऑस्ट्रेलियाचं सरकार हेच करतं. अर्जाचं शुल्क पहिल्याच दिवशी घेतलं जातं. व्हिसा मिळेपर्यंत अर्जदार जिवंत राहील की नाही, याचा अंदाज ते घेणाऱ्यालाही असतो.

हे मीच म्हणतोय असं नाही. मार्टिन पार्किन्सन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०२३ मध्ये तिथल्या स्थलांतर व्यवस्थेचा आढावा घेतला. जो व्हिसा बहुधा कधीच मिळणार नाही, त्यासाठी लोकांना अर्ज करू देणं क्रूर आणि अनावश्यक आहे, असा त्या समितीच्या म्हणण्याचा आशय आहे. सरकारनंच नेमलेल्या समितीनं सरकारी योजनेला क्रूर म्हणावं, हे रोज होत नाही. अहवाल आला, बातम्या झाल्या आणि पुढच्या वर्षीचा आकडा जाहीर झाला: ८,५००.

पैसेवाल्या रांगेचा भाव सांगायला हवा. व्हिसा मिळण्याआधीचा दुसरा हप्ता माणशी ४३,६०० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. आपल्या हिशोबात चोवीस-पंचवीस लाख रुपये, आणि आईवडील दोघं म्हटले की पन्नासच्या घरात. एवढे पैसे मोजूनही बारा-चौदा वर्षं थांबायचंच. तिरुपतीलासुद्धा तीनशे रुपयांचं तिकीट काढलं की निदान दर्शन लवकर होतं.

पैसे असले तरी एक चाळणी पुढे आहेच, आणि मराठवाड्यातल्या घरांना ती हमखास अडवते. तिचं सरकारी नाव ‘कौटुंबिक समतोल चाचणी’. आईवडिलांच्या एकूण मुलांपैकी निदान निम्मी ऑस्ट्रेलियात कायमची राहत असली पाहिजेत, किंवा इतर कुठल्याही एका देशात आहेत त्यापेक्षा जास्त तरी. आमच्याच घराचं बघा. वडील कंधार तालुक्यात जिल्हा परिषदेचे शिक्षक होते, आता आईसोबत नांदेडला असतात. आम्ही तीन भावंडं. बहीण मेलबर्नला, भावाचं लातूरला कृषी सेवा केंद्र, मी पुण्यात. तिनापैकी एक ऑस्ट्रेलियात आणि दोन भारतात, म्हणजे चाचणीत नापास. बहिणीनं चोवीस काय, चोवीसशे लाख भरले तरी नापासच. वडिलांच्या पिढीत आमच्याकडे दोन-तीन-चार लेकरं असणं ही साधी गोष्ट होती. ती सगळी एकाच देशात जाऊन बसतील, अशी अपेक्षा ठेवणारा नियम एकुलत्या एका मुलाच्या घरासाठीच केल्यासारखा आहे. त्याहून लागणारी गोष्ट अशी, की आईवडिलांनी कोणत्या लेकराजवळ राहावं, हे त्या लेकराच्या भावंडांचे पत्ते मोजून ठरतं. आपल्या समाजानं लेकीच्या घरी राहायला आधीच नाकं मुरडलेली. ते मोडून एखादी आई जायला तयार झाली तर दारात कॅनबेरा उभं.

एक पळवाट आहे, तीही सांगतो, नाही तर कुणी म्हणेल लपवलं. पेन्शनच्या वयाचे, म्हणजे सदुसष्टच्या पुढचे, आईवडील आधीच पर्यटक म्हणून तिथे पोचलेले असतील आणि त्यांच्या व्हिसावर ‘यापुढे मुक्काम नाही’ ही अट नसेल, तर ते तिथूनच वृद्ध पालकांचा अर्ज करून निकाल लागेपर्यंत राहू शकतात. समतोलाची चाचणी त्यांनाही आहेच. आणि भारतीयांना त्या काळात तिथली सरकारी आरोग्यसेवा मिळत नाही. म्हणजे ज्या वयात दवाखाना रोजचा, त्या वयात दवाखाना सोडून बाकी सगळं.

जुन्या मराठीत पुरुष बायकोला ‘आमचं कुटुंब’ म्हणायचे. आम्ही त्याला हसायचो. २०२० च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियानं सीमा बंद केल्या आणि फक्त नागरिक, कायम रहिवासी आणि त्यांचं ‘निकटचं कुटुंब’ यांना आत येण्याची मुभा ठेवली. त्या व्याख्येत नवराबायको होते, अवलंबून असलेली मुलं होती. आईवडील नव्हते. ते त्यात यायला २०२१ चा नोव्हेंबर उजाडला. जवळजवळ वीस महिने कायद्याच्या दृष्टीनं माझी आई माझ्या बहिणीची निकटची कुणी नव्हती. तेव्हा लातूरच्या एकाही व्याख्यात्यानं या व्याख्येवर व्याख्यान दिलं नाही. विषय तोच होता, मुलं कशी विसरली.

कॅनडाची तऱ्हा आणखी वेगळी. हजूर साहिबच्या दर्शनाला नांदेडला येणाऱ्या पंजाबातल्या कुठल्याही कुटुंबाला विचारा, ते तोंडपाठ सांगतील. २०११ च्या नोव्हेंबरात तिथे आईवडील आणि आजीआजोबांचे सुमारे १ लाख ६५ हजार अर्ज साचले, म्हणून नवे अर्ज घेणंच थांबवलं. २०१४ मध्ये दार उघडलं तेव्हा वर्षाला ५,००० अर्जांची मर्यादा आली. मग २०१७ पासून सोडत. सोडत अन्याय्य म्हणून ओरड झाली, तेव्हा २०१९ मध्ये ‘जो आधी भरेल त्याचा’ असा ऑनलाइन फॉर्म ठेवला. तो दहा-अकरा मिनिटांत बंद झाला. ज्याचं इंटरनेट वेगवान आणि बोटं चपळ, त्याचे आईवडील पात्र. तिकीट खिडकीवरच्या तत्काळसारखा प्रकार, फरक एवढाच की इथे नंदीग्रामचं स्लीपर नाही, आई मागितली जात होती.

त्याहून विचित्र पुढचं आहे. २०२० मध्ये १३ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर एवढे दिवस इच्छा नोंदवण्याचा फॉर्म उघडला. सुमारे दोन लाख लोकांनी तो भरला. त्यानंतर २०२१, २०२२, २०२३, २०२४, २०२५ अशी सगळी वर्षं त्याच पेटीतून चिठ्ठ्या काढल्या गेल्या. २०२५ साठी लक्ष्य १०,००० अर्जांचं होतं. म्हणजे २०२१ मध्ये कॅनडात कायम झालेल्या माणसाला या पाच सोडतींत चिठ्ठी टाकायलाच जागा नव्हती. त्यानं कितीही कर भरला असो, तीन वर्षांच्या उत्पन्नाची अट कितीही सहज पार केलेली असो. त्या तीन आठवड्यांत तो तिथे नव्हता, एवढाच गुन्हा.

तरी कॅनडाच्या बाजूनं एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०११ च्या डिसेंबरात त्यांनी ‘सुपर व्हिसा’ काढला. दहा वर्षं वैध, आणि २०२२ च्या जुलैपासून एका वेळी पाच वर्षं राहता येतं. मुलाचं ठरावीक उत्पन्न हवं आणि आईवडिलांचा निदान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा हवा. वार्षिक मर्यादा नाही, सोडत नाही. विमा महाग पडतो, पण निदान प्रश्नाला उत्तर आहे आणि ते अर्जदार जिवंत असताना मिळतं. ऑस्ट्रेलियानंही २०१९ मध्ये तीन आणि पाच वर्षांचा तात्पुरता पालक व्हिसा आणला. त्यात समतोलाची चाचणी नाही, हे खरं. पण पाच वर्षांसाठी सुरुवातीलाच माणशी १०,००० डॉलर शुल्क, वर्षाला १५,००० ची मर्यादा आणि सगळे मुक्काम मिळून दहा वर्षांवर पूर्णविराम. सत्तराव्या वर्षी आलेल्या माणसाला ऐंशीव्या वर्षी, म्हणजे नेमकं आधार लागायच्या वेळी, परत पाठवायचं.

अमेरिकेबद्दल आपल्याकडे समज आहे की तिथे सगळं सोपं. कागदावर आहे. एकविसाच्या पुढच्या अमेरिकन नागरिकाच्या आईवडिलांना संख्येची मर्यादाच नाही. मेख आधी आहे. ग्रीनकार्डवाला आईवडिलांसाठी अर्ज करू शकत नाही, त्यासाठी नागरिक व्हावं लागतं. आणि नोकरीवरच्या ग्रीनकार्डांसाठी वर्षाला १ लाख ४० हजारांच्या आसपास जागा, त्यातही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा. भारताला जेवढी, तेवढीच आइसलँडला. २०२५ मध्ये बहुतेक भारतीय इंजिनिअरांच्या रांगेतली चालू तारीख २०१३ च्या आगेमागे होती. म्हणजे २०१० मध्ये पंचविशीत गेलेला, २०१३ मध्ये रांगेत लागलेला मुलगा २०२५ मध्ये ग्रीनकार्ड घेणार आणि अजून पाच वर्षांनी नागरिक होणार. तो गेला तेव्हा बावन्न वर्षांचे असलेले वडील तोवर बहात्तर झालेले. इथे आईवडिलांच्या व्हिसाची रांग मुलाच्या पोटात लपवलेली आहे, एवढंच.

ब्रिटनचं एका परिच्छेदात उरकतो, कारण तिथे उरलंच काही नाही. ९ जुलै २०१२ पासूनच्या नियमानुसार आईला किंवा वडिलांना अंघोळ, कपडे, स्वयंपाक अशा रोजच्या गोष्टींना दुसऱ्याची मदत लागायला हवी, आणि ती मदत मुलानं पैसे पाठवूनही मायदेशात मिळत नसायला हवी. मुलगा तिथे डॉक्टर असेल तर तो नांदेडला बाई ठेवण्याइतके पैसे पाठवू शकतो, म्हणून नामंजूर. पैसे पाठवू शकत नसेल, तर आईला तिथे पोसणार कसा? भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनेनं याविरुद्ध आवाज उठवला. २०१७ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं नियम कायम ठेवला.

आता त्यांची बाजू. ती खोटी नाही. म्हातारी माणसं कर भरत नाहीत आणि दवाखान्यात जास्त जातात. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगानं २०१६ मध्ये हिशोब मांडला, की एका पालकामागे त्याच्या हयातीत सरकारला ३ लाख ३५ हजार ते ४ लाख १० हजार डॉलरचा निव्वळ भार पडतो. सुमारे दोन कोटी रुपये. एवढा खर्च तिथल्या करदात्यानं का सोसावा, हा प्रश्न रास्त आहे.

पण ही खतावणीची एकच बाजू आहे. माझी बहीण त्या देशाला बाविसाव्या वर्षी तयार मिळाली. तिच्या लसी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात टोचल्या गेल्या. पहिली ते दहावीचे शिक्षक आपण पोसले. अकरावी-बारावीला लातूरला खोली, मेस, दोन विषयांच्या ट्यूशन. पुढची चार वर्षं इंजिनिअरिंग. हे पैसे वडिलांच्या पीएफमधून आणि एक एकर कोरडवाहू रान विकून उभे राहिले. दर वर्षी शेकडो घरं लातूरच्या उद्योग भवन परिसरात हेच करतात. त्या बावीस वर्षांचा खर्च आयोगाच्या वहीत जमा धरलेला नाही, कारण तो त्यांना करावाच लागला नाही. फळ घेताना झाडाचा खर्च विचारायचा नाही, आणि झाडाला पाणी घालायची वेळ आली की दोन कोटींचं बिल दाखवायचं, याला हिशोब म्हणत नाहीत.

आणि भारच म्हणाल तर बाळंतपणांचं काय? आपल्याकडच्या आया सहा-सहा महिन्यांच्या पर्यटक व्हिसावर जातात. आधी आई, ती परतली की सासू, मग पुन्हा आई. डिंकाचे लाडू विमानतळावर काढून घेतले जातात ते सोडा. पहाटे पाचला उठून बाळाला शेक-मालिश, लेकीचं जेवणखाण, मोठ्याला शाळेत सोडणं-आणणं, आणि मग लेक वेळेवर कामावर रुजू होऊन त्या देशाचा कर भरते. तिथे पाळणाघराचे दिवसाचे पैसे ऐकले तर इथल्या शिक्षकाला घेरी येईल. पर्यटक म्हणून आलेल्या या बायका किती पर्यटन करतात, हे त्यांच्या फोनमधले फोटो बघून कळतं. बहुतेक फोटो स्वयंपाकघरातले असतात.

कुणी म्हणेल, ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथे हे कुठलं श्रीमंतांचं दुखणं काढलं. पाणी नव्हतं म्हणूनच तर लेकरं शिकवली. आमच्या बॅचमधून बाहेर गेलेल्यांचे वडील शिक्षक, एसटीचे वाहक, तलाठी, बँकेतले शिपाई होते. बंगल्यातली आई व्हॉट्सअॅपच्या गोष्टीत असते.

माझे वडील म्हणतात, “आम्हाला काय तिथं कायमचं राहायचं नाही. करमत नाही. पण यावं वाटलं तर येता आलं पाहिजे की.” बहुतेकांचं एवढंच म्हणणं आहे. कुणी नागरिकत्व मागत नाही, पेन्शन मागत नाही. विमा मुलं भरायला तयार आहेत.

आपलं सरकारही यातून सुटत नाही. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाशी व्यापार करार झाला, त्यात भारतीय स्वयंपाकी आणि योगशिक्षकांसाठी वर्षाला १,८०० पर्यंत जागा मान्य झाल्या. शिवाय सुट्टी आणि काम असा मिळून एक व्हिसा तरुणांसाठी वर्षाला १,०००. २०२५ मध्ये ब्रिटनशी करार झाला, त्यातही योगशिक्षक, स्वयंपाकी आणि शास्त्रीय संगीतकार मिळून १,८००. या आकड्यांवर आपल्या अधिकाऱ्यांनी घासाघीस केली असणार आणि ते योग्यच. पण दिल्लीत मातृदेवो भव म्हणणारं सरकार वाटाघाटीच्या टेबलावर शेफ मोजतं आणि आई मोजायला विसरतं.

मागायला आधारही भक्कम आहे. माझी भाची ऑस्ट्रेलियाची नागरिक. तिच्याकडे भारताचं ओसीआय कार्ड आहे, २००५ च्या कायद्यातून आलेल्या योजनेचं. तो आयुष्यभराचा व्हिसा आहे. वर्षाला अमुक इतक्याच नातवंडांना देऊ, अशी मर्यादा भारतानं घातलेली नाही. ती उद्या लातूरला मामाकडे येऊन दहा वर्षं राहिली तरी तिला कुणी परत जा म्हणणार नाही. तिच्या आजीला मात्र मेलबर्नला जाताना परतीचं तिकीट, बँकेतली शिल्लक आणि नांदेडला घर असल्याचा कागद दाखवावा लागतो. आपण त्यांच्या नागरिकाला जे देतो, त्याच्या निम्मं त्यांनी आपल्या नागरिकाला द्यावं, हे म्हणायला परराष्ट्र खात्याला अडचण काय आहे?

ऑस्ट्रेलियाशी व्यापक कराराची बोलणी त्या पहिल्या करारानंतर सुरू झालेली आहेत. दरवर्षी सभागृह भाड्यानं घेऊन आईवडिलांचे पाय धुण्याचे कार्यक्रम करणाऱ्या आमच्याकडच्या संस्थांनी यंदा त्या मंचावरून एक ठराव करावा आणि दिल्लीला पाठवावा. मसुदा मी फुकट लिहून देतो: पाच वर्षांचा पालक व्हिसा, विमा मुलांच्या खर्चानं, भावंडांची मोजदाद नाही, वार्षिक मर्यादा नाही, आणि ज्या अर्जाचा निकाल दोन वर्षांत लागणार नाही त्याचं शुल्क घ्यायचं नाही.